बोडी मोहल्ल्यातल्या मयत बाया

ती घटना विसरायची म्हटली तरी विसरता येत नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ फिर्यादी लिहून घेतल्या, पण स्वतःच्याच खुनाची फिर्याद द्यायला आलेली बाई मी एकदाच पाहिली.

लोकसभेची निवडणूक काही महिन्यांवर आली होती. मी गोंदिया शहरातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो आणि निवृत्तीला सहा महिने उरले होते. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी पाहत होतो, तेवढ्यात बाहेर ड्यूटीवरच्या हवालदाराचे हसणे ऐकू आले. बाहेर जाऊन पाहतो तर पंचाहत्तरीची एक आजी त्याच्या टेबलासमोर उभी. हातात सरकारी नोटीस.

"साहेब, हा मानूस हासून राहिला," मला पाहताच ती म्हणाली. "मले कोनं तरी मारलन. खुनाचा गुन्हा लिवा."

मी नोटीस वाचली. मतदार यादीतून तिचे नाव वगळावे असा आक्षेप कोणीतरी घेतला होता. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, मयत. आठ दिवसांनी तहसील कार्यालयात सुनावणी होती आणि तिथे हजर न राहिल्यास नाव कमी होणार होते. मेलेल्या बाईने हजर राहावे, असे ती नोटीस सांगत होती. मलाही हसू आले, पण आजीच्या चेहऱ्याकडे पाहून मी ते गिळले.

"आजी, हे पोलिसांचे काम नाही. तहसीलला जा," मी म्हणालो. हे वाक्य आम्हा पोलिसांना तोंडपाठ असते.

ती बाकावर बसली. "मेलेला मानूस आपल्या पायानं जाते का? मले उचलून न्या."

आता हवालदारही हसेना. मी तिला आत बोलावले, चहा सांगितला आणि विचारले, "एका मताचे एवढे काय घेऊन बसलात?"

"घर दिराच्या नावावर हाये," ती बोटांवर मोजत म्हणाली. "रेशनकार्ड सुनेच्या नावावर. लाईटचा बिल पोराच्या नावानं येते. साऱ्या कागदात मी कोनाची तरी बायको नाई त माय. ह्या एका यादीत मी मी हाये, साहेब. तिथूनबी काढून राहिले."

मी टोपी घातली आणि जीप काढायला सांगितली.

इथे थोडे आमच्या मतदारसंघाविषयी सांगितले पाहिजे. आमच्या जिल्ह्याचे एक नवल आहे. मतदारसंघांच्या हद्दी बदलल्या तेव्हा जिल्ह्याचा एक तुकडा दुसरीकडे जोडला गेला. त्यामुळे टोकाच्या डोंगरातल्या, नक्षलग्रस्त दरेकशाचा माणूस आणि गोंदिया शहरातला माणूस एकाच जिल्ह्यात राहून वेगवेगळ्या खासदारांना मत देतात. इथल्या मतदारांनी कोणाचीही मिरासदारी चालू दिलेली नाही. ज्यांच्या सभेला मैदान पुरत नसे, अशा भल्याभल्यांना इथून दिल्लीऐवजी घरची वाट धरावी लागली. एका पोटनिवडणुकीत भर उन्हाळ्यात मतदानाची यंत्रे बंद पडली, तेव्हा लोक घरी गेले, जेवून आले आणि पुन्हा रांगेत उभे राहिले. मी तिथे बंदोबस्ताला होतो. गावचे धानवाले शहरवाल्यांना बोल लावतात आणि शहरवाले गाववाल्यांना, पण मत देताना दोघेही सारखेच हट्टी.

आजीचा मोहल्ला शहराच्या कडेला, फुलचूरकडे जाताना लागतो. तिथे पूर्वी एक बोडी होती. बोडी म्हणजे शेताला पाणी देणारा लहान तलाव. आजीच्या सासरच्या पूर्वजांनीच ती खोदली होती. शहर वाढले तशी बोडी बुजली आणि तिच्यात घरे झाली. तलावाचा मातीचा बांध, ज्याला आमच्याकडे पार म्हणतात, तेवढा शिल्लक राहिला आणि त्याचाच रस्ता झाला. सरकारी कागदात त्या वस्तीला प्रभागाचा आकडा आहे.

तहसीलमध्ये पोचताच मी आक्षेपाचे अर्ज मागवून घेतले. एक नव्हे, चाळीस अर्ज होते. सगळे त्याच मोहल्ल्यातले, सगळ्यांचे कारण मयत, आणि सगळ्यांवर आक्षेप घेणारा माणूसही एकच. बाजारातला एक किराणा व्यापारी. नोंदणी अधिकाऱ्यांच्या फिर्यादीवरून खोटे दस्तऐवज केल्याचा गुन्हा नोंदवला, आजीचा जबाब घेतला आणि तपास मी स्वतःकडे घेतला.

पहिली खबर मिळाली ती मतदार यादीचे काम करणाऱ्या अंगणवाडी सेविकेकडून. घरोघर तीच फिरायची. तिने अर्ज चाळले आणि इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "सर, यातली एकबी मेली नाई. आन् साऱ्या बायाच हायेत. एकबी मानूस नाई."

"मग?"

"या बाया कोनाच्या सांगन्यावरून मत देत नाईत. मोहल्ल्यात साऱ्यायले मालूम हाये."

तिचे बोलणे मी वहीत टिपून घेतले, पण खरे सांगायचे तर त्याला द्यायला हवे होते तेवढे महत्त्व दिले नाही. माझे डोके त्या व्यापाऱ्यात अडकले होते. अर्जावर त्याचे नाव होते, त्याचा मतदार ओळखपत्र क्रमांक होता आणि खाली सही होती. तो विरोधी पक्षाच्या सभांना जाणारा, त्यामुळे शहरात ओरडही तीच होती की हे विरोधी पक्षाचे कारस्थान आहे. दुसऱ्या दिवशी मोहल्ल्याचा मोर्चा ठाण्यावर आला. पुढे होता तिथला पुढारी, आजीच्या दिराचा मुलगा, चाळिशीतला, खणखणीत आवाजाचा. "माझ्या काकीले जिवंतपनी मारलं!" असे म्हणून त्याने ठाण्याच्या आवारात डोळे पुसले आणि स्वतःच्या हाताने लिहिलेले निवेदन माझ्या हाती दिले. मी ते आवक फाईलला लावायला सांगितले.

व्यापाऱ्याला बोलावून मी अर्धा दिवस उलटसुलट विचारले. बोललोही कडक. तो घामाने भिजला. "साहब, मेरा दस्तखत ऐसा है ही नहीं," एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. शेवटी मी एक अर्ज त्याच्यापुढे आपटला. "वाच. मोठ्याने वाच."

मराठी वाचताना तो अडखळत होता. मयत बाईच्या पत्त्यापाशी येऊन थांबला.

"बोडी के... पारी खाली?" त्याने मान वर केली. "किसकी पारी खाली है, साहब? और ये बोडी क्या होती है? हम लोग तो उसको गड्ढा मोहल्ला बोलते हैं."

हवालदार फिस्सकन हसला. मलाही हसू आले आणि अर्ध्यावरच थांबले. हिंदीत पारी म्हणजे पाळी. बाजारात जन्म गेलेल्या या माणसाला पार माहीत नव्हती, बोडी माहीत नव्हती. मी सौंदडकडचा, धानाच्या शेतकऱ्याचा मुलगा. 'बोडीच्या पारीखाली', म्हणजे बांधाच्या पायथ्याशी, हे मी इतके सहज वाचून गेलो होतो की त्यात काही विचित्र आहे हे मला जाणवलेच नाही. सरकारी यादीत हा पत्ता नाही, बाजारात हा शब्द नाही. हे लिहिणारा हात त्या पारीखालीच वाढलेला होता.

व्यापाऱ्याची मी माफी मागितली. ठाणेदाराने माफी मागायची पद्धत नाही, पण मागितली.

मग आवक फाईल मागवली. मोर्चाच्या निवेदनाची पहिलीच ओळ होती, 'आम्ही बोडीच्या पारीखाली राहणारे नागरिक'. अर्जातल्यासारखाच पारीतला र खाली शेपटीसारखा लांब ओढलेला. चोराच्या उलट्या बोंबा आयुष्यभर ऐकल्या होत्या, पण चोराने बोंबेची लेखी प्रत ठाण्यात जमा करून पोच घेतल्याचे उदाहरण हे एकच.

त्या पुढाऱ्याला मी मानाने बोलावले. दोन पंच शेजारी बसवले आणि म्हणालो, "सुनावणीसाठी या सगळ्या बायांची नावे आणि पत्ते तुम्हीच लिहून द्या. तुम्ही जबाबदार माणूस." तो खुशीने लिहू लागला. चार ओळी झाल्यावर मी मूळ अर्ज त्या कागदाशेजारी ठेवले. त्याचा पेन पाचव्या ओळीवर अडला. पाणी मागितले. मी पाणी दिले, प्रश्न विचारला नाही. माणसाला गप्प बसून वाट पाहणारा पोलीस सहन होत नाही, हा माझा अनुभव.

"मी कोनाले मारलं नाई, साहेब," तो अखेर म्हणाला. "फक्त यादीतून काढून राहिलो होतो."

"कायले?"

"मी वर शब्द देला होता, मोहल्ला एकगठ्ठा माझा हाये. मागच्या वेळी बूथवार आकडे निघाले न माझी इज्जत गेली. ह्या बाया माह्यासमोर हो म्हनतेत, आन् आतमंदी जाऊन आपल्या मनाचं करतेत."

झाकली मूठ उघडली होती, एवढेच त्याचे दुखणे. त्याला पुढे नगरपालिकेचे तिकीट हवे होते. आकडा जुळत नव्हता, म्हणून न जुळणाऱ्या बायाच त्याने यादीतून मारल्या आणि आळ दुसऱ्यावर जावा म्हणून बाजारातल्या त्या व्यापाऱ्याचे नाव आणि क्रमांक यादीतून उचलले.

"मग काकीचे नाव कशाला घातलेस?"

"तीच त साऱ्यात पुढं हाये, साहेब. बाकीच्या तिलेच पाहून चालतेत."

पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात टिकत नाही. म्हणून अर्ज, निवेदन आणि पंचांसमोर लिहिलेला कागद हस्ताक्षर तज्ज्ञाकडे पाठवले. संध्याकाळपर्यंत फोन आला. कोणाचा ते सांगत नाही. 'घरगुती भानगड आहे, मिटवा. नाहीतर दरेकशाच्या डोंगरात पाठवतो.' मी म्हणालो, "साहेब, तिकडची हवा चांगली आहे. ऑर्डर लेखी पाठवा." सहा महिने उरलेल्या माणसाला भीती कसली दाखवता? लेखी ऑर्डर आली नाही. अशी माणसे लेखी काही देत नाहीत.

सुनावणीच्या दिवशी त्या चाळीस मयत बाया चालत तहसीलला आल्या. पुढे आजी. पुतण्या जामिनावर सुटून फाटकाशी उभा होता. सगळ्यांदेखत त्याने तिचे पाय धरले.

"काकी, चुकलं. घरची गोष्ट घरात मिटवू. साहेबाले सांग, देलेला जबाब मागं घेते म्हनून."

पुतण्याच्या अटकेपासून घरच्यांनी तिला रोज हेच ऐकवले होते, हे मला ठाऊक होते. सून बोलत नव्हती, दीर दारातून हाकलायची भाषा करत होता. घर दिराचेच होते. ती आता मऊ पडेल असे मला वाटले, आणि पडली असती तर मी तिला दोष दिला नसता.

तिने त्याला उठवले. "माफ केलं तुले," ती म्हणाली. "दारी उपाशी आलास त जेवाले वाढीन. पन जबाब नाई फिरवत. माह्यं मत काही घरची गोष्ट नोहे."

चाळीसच्या चाळीस नावे कायम राहिली. खटला अजून चालू आहे, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. दिराने तिला घराबाहेर काढले नाही. काढले असते तर मोहल्ल्यातल्या बायांनी त्याचे काय केले असते, हे त्यालाही कळत होते.

मतदानाच्या दिवशी मी त्याच बूथच्या बंदोबस्तावर होतो. नोकरीतली माझी ती शेवटची निवडणूक. आजी सकाळीच आली, रांगेत उभी राहिली, मत देऊन बाहेर आली आणि शाई लागलेले बोट मला दाखवले. मला फार आनंद झाला होता. आपण या बाईचे मत वाचवले, असा थोडा ताठाही असेल. गमतीने, अगदी सहज, मी विचारले, "मग आजी, कोणाला दिले?"

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

"साहेब," ती म्हणाली, "माह्या पुतन्यालेबी हेच पायजे होतं."

आणि पदर सावरून ती निघून गेली. मी खाकी गणवेशात, छातीवर नावाची पट्टी लावून, तिथेच उभा राहिलो.

नोकरीभर मी मतपेट्या सांभाळल्या, सील तपासले, बूथ ताब्यात घेणाऱ्यांना हाकलले. गुन्हा लाठी घेऊन येतो अशी माझी समजूत होती. या प्रकरणाने शिकवले की तो एका साध्या प्रश्नातही सुरू होतो आणि तो विचारणारा आपलाच माणूस असतो. घरचा असतो, मोहल्ल्याचा असतो, पोलीसही असतो. उत्तर मिळाले की त्याला हिशेब मांडता येतो, मिळाले नाही की नावे खोडावीशी वाटतात. त्या दिवसापासून मी हा प्रश्न कोणालाही विचारलेला नाही, बायकोलासुद्धा नाही. आणि मला कोणी विचारला, मग तो कितीही मोठा असो, तर मीही उत्तर देत नाही.