माने सिस्टरांची ओटी

ओटीतले, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधले किस्से जमवावे लागत नाहीत. पेशंट झोपला की बाकीचे सगळे बोलायला लागतात! सांगलीतल्या एका छोट्या हॉस्पिटलात मी भूल द्यायचं काम करते. माझ्याजवळचे बरेचसे किस्से आमच्या ओटी इन्चार्ज माने सिस्टरांचे. माहेर पाटणकडचं, बोलणं अजून तिकडचंच.

*

मी नवीन होते. केस चालू असताना सिस्टर आत आल्या आणि दारातच थांबल्या. "मॅडम, गॅस गळतोय."

मला वास आला नव्हता. तपासलं, तर नळीचा जॉइंट सैल. मी म्हटलं, "बरं झालं, वेळेत कळलं."

"वास आला म्हंजी येळ गेलीच की."

खरं होतं. भुलीचा गॅस नाकाला कळेपर्यंत हवेत बराच साठलेला असतो.

*

आमची नर्स रोहिणी, आष्ट्याची. तिला दिवस गेलेले, तिसरा महिना, पण कुणाला बोलली नव्हती. लहान मुलांना मास्कनं भूल देताना गॅस थोडा बाहेर येतोच, आणि त्यानं पोटातलं बाळ जाऊ शकतं असं म्हणतात. तेव्हा ती तोंड फिरवून उभी राहायची. सिस्टरांनी दोन दिवस बघितलं आणि तिची ड्यूटी ऑपरेशनआधीच्या तपासणीला लावली.

रोहिणी रडायलाच लागली. "आवं सिस्टर, ओटी सुटली तर परत कोण घेणार मला?"

"मी घेणार. लिवून देऊ?"

आणि ड्यूटी रजिस्टरात खरंच लिहिलं, खाली सही केली. रोहिणीची मुलगी आता चालते. रोहिणी ओटीतच आहे.

*

त्याच आठवड्यात सिस्टर मोठ्या सरांकडे गेल्या. हॉस्पिटल सरांचंच. मशीनमधला उरलेला गॅस इमारतीबाहेर नेणारा पाइप आमच्याकडे कधी लावलाच नव्हता.

सर म्हणाले, "सिस्टर, इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही."

"झालं न्हाई, का सांगितलं न्हाई, सर?"

 चार दिवसांत भिंतीला भोक पडलं आणि पाइप बसला.

*

गेल्या वर्षी मला दिवस गेले. नवऱ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. सोमवारची लिस्ट बघितली, तर माझ्याकडे सगळ्या कमरेत इंजेक्शन देऊन, गॅसशिवाय करायच्या केसेस. टॉन्सिल्सची दोन्ही मुलं दुसऱ्या डॉक्टरांकडे. अक्षर सिस्टरांचं.

मी त्यांना गाठलं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला लागतंय?" त्या ट्रे लावत होत्या.

"पण सिस्टर, या गॅसनं नक्की काय होतं, किती होतं, हे अजून कुणी ठामपणे सांगू शकत नाही."

"व्हय. पोट पडल्यावर मलाबी तसंच सांगितलं हुतं. दोन्ही येळंला."

मग त्यांनी दार उघडलं आणि पहिल्या पेशंटला आत घेतलं.