समोरच्या जाळ्या

ऑफिसपासून दीड तासावरच्या त्या गावात आम्ही फ्लॅट बघायला गेलो. संध्याकाळचे सहा वाजले होते, तरी खाली बागेतले झोके रिकामे.

"मुलं कुठायत?" मी विचारलं.

एजंटने समोरच्या इमारतीकडे बोट दाखवलं. खिडक्याखिडक्यांच्या जाळ्यांना छोटे चेहरे टेकले होते. "आईबाबा येईपर्यंत घरात. अगदी सेफ!"

माझ्या चार वर्षांच्या मुलीने हात हलवला. एकानेही हलवला नाही. सगळे स्टेशनच्या रस्त्याकडे बघत होते. मुलांसाठी म्हणून घर घ्यायचं, असं आम्ही म्हणत होतो. ती सगळी घरंही मुलांसाठीच घेतलेली असणार.

मुलीने आमच्या खिडकीची जाळी धरली. मी शेजारीच उभी होते. रस्त्यावरची नजर न काढता तिने विचारलं, "आई कधी येणार?"