हुक सोडू का, काका?

"माधवी, ट्रेलर तिथेच सोड आणि जीप घेऊन पुढे जा. मिळेल तो मेकॅनिक घेऊन ये," बॉस फोनवर म्हणाले.

"सर, इथे उतार आहे."

"मग चाकाला दगड लाव. मी मीटिंगमध्ये आहे."

फोन बंद झाला. वरसावे मागे टाकून मी घोडबंदर रोडच्या कडेला उभी होते. भर दुपार. ट्रेलरच्या डाव्या चाकातली सगळी हवा गेली होती आणि ट्रेलर त्या बाजूला कलला होता.

मी ऑडिओलॉजिस्ट. माणसाला किती ऐकू येतं ते तपासणं हे माझं काम. वाचा गेलेल्या माणसांवरचे उपचारही आम्हाला शिकवतात, पण तेव्हा मी एका खासगी संस्थेत फक्त कान तपासत होते. कारखान्यांच्या दारात आम्ही ट्रेलर न्यायचो. त्यात बाहेरचा आवाज आत येऊ न देणारी केबिन होती. तिच्या भिंती जाड, त्यामुळे ट्रेलर भलताच जड. तो जीपच्या मागच्या हुकला जोडलेला असायचा. त्या दिवशी एका खडी क्रशरवर जायचं होतं. मालकाने नाखुशीनेच एका दिवसाची परवानगी दिली होती. आज गेले नाही तर त्या कामगारांचे कान कुणी तपासणार नव्हतं.

ट्रेलर ओढायचं काम आधी म्हात्रेकाका करायचे. माणूस रायगडचा, बोलका. त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. काकी त्यांना गावी घेऊन गेल्या. ऑफिसने दुसरा ड्रायव्हर दिलाच नाही. "तुला जीप येते ना?" बॉसनी विचारलं, आणि विषय संपला. तेव्हापासून सकाळी हाटकेशच्या गोडाऊनमधून ट्रेलर काढायचा, संध्याकाळी परत लावायचा आणि सिल्व्हर पार्कला घरी जायचं, असं चाललं होतं. नवरा वेगळा झाल्यापासून घरी मी एकटीच होते. दिवसातलं माझं खरं बोलणं व्हायचं ते काकांशी, जीपमध्ये. ते गेल्यावर दिवसभर मी एकच वाक्य बोलत होते, "आवाज आला की बटण दाबा."

एक मोटरसायकलवाला थांबला. "मॅडम, अकेले हो क्या?"

"नहीं, ड्रायव्हर आ रहा है," मी म्हणाले. तो गेला. खोटं बोलले ते बरं केलं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

स्टेपनी, जॅक आणि पाना जीपमध्ये होते. काकांना चाक बदलताना मी पाहिलं होतं, पण लांबून. "मॅडम, तुम्ही तिकडं सावलीत थांबा," असं म्हणून ते मला पिटाळायचे. त्यामुळे नेमकी महत्त्वाची गोष्ट आठवेना. चाक बदलताना ते ट्रेलर हुकवरून सोडायचे की जोडलेलाच ठेवायचे?

मी गावी फोन लावला. काका निदान हो-नाही तरी म्हणतील, असं वाटलं. काकींनी उचलला.

"मॅडम? हायेत ना, हितंच बसल्येत. कानाला लावते."

पलीकडे श्वास ऐकू आला.

"काका, ट्रेलर पंक्चर झालाय. मी एकटीच आहे. हुक सोडू का?"

"हो," काका म्हणाले. आवाज घोगरा होता, पण शब्द स्पष्ट होता. मला इतकं हायसं वाटलं की मी हुककडे निघालेसुद्धा. मग पाय थांबले. शिकलेलं काहीतरी आठवलं.

"काका, म्हणजे हुक तसाच ठेवू?"

"हो."

"काका, माझं नाव सुमन आहे ना?" मी मुद्दाम चुकीचं नाव घेतलं.

"हो, हो."

झटक्यानंतर भाषा बिघडते, त्याला अफेजिया म्हणतात. मनात एक असतं आणि तोंडून वेगळंच येतं. हो आणि नाहीची तर फारच गल्लत होते. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. आपल्या माणसाच्या तोंडून ऐकणं निराळं. काका फोनवर होते आणि तरीही मी त्या रस्त्यावर एकटीच होते.

काकी म्हणाल्या, "समजलं का काय बोलले ते?"

"समजलं, काकी. फोन राहू द्या त्यांच्या कानाला."

इअरफोन कानात घातला आणि स्वतःच विचार केला. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नाही. ब्रेक आहे तो जीपला. हुक सोडला तर हा जड डबा उतारावर धरून ठेवायला दगडांशिवाय काहीच उरत नाही.

"काका, हुक सोडत नाही," मी मोठ्याने सांगितलं. "जीपचा हँडब्रेक ओढलाय. गिअरमध्ये टाकलीय. आता उजव्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावते."

"हो."

"आता नट ढिले करते. चाक जमिनीवर आहे तोवरच करायचे ना? वर उचलल्यावर चाक नुसतं फिरत राहील."

"हो, हो."

नट हलेनात. मी पान्यावर उभी राहिले, सगळं वजन टाकलं. पहिला नट कर्रकन सुटला. मग जॅक. तो ट्रेलरच्या तळाखाली लावला तर पत्रा फाटेल. दोन चाकांना जोडणारा लोखंडी दांडा असतो, एक्सल, तो वजन पेलतो. त्याच्याखाली जॅक ठेवला तर तो मातीत रुतायला लागला. खाली फळी घातली. ट्रेलर हळूहळू वर आला, एकदा किंचित डुलला. मी मागे उडी मारली.

"काका, डुलला."

पलीकडून श्वास जोरात आला.

"थांबला. ठीक आहे."

"हो," ते म्हणाले.

जुनं चाक काढलं. नवं गुडघ्यावर घेऊन बसवलं. नट आधी हातानेच फिरवले, एक इकडचा, एक समोरचा, म्हणजे चाक सरळ बसतं. ट्रेलर खाली घेऊन पान्याने आवळले. प्रत्येक गोष्ट सांगत होते. हात काळे झाले होते आणि मी रडत होते, ते मात्र सांगितलं नाही.

"झालं, काका. निघते."

फोनवर काकी आल्या. "मॅडम, मघाशी मी फोन काढाय गेले तर त्यांनी डाव्या हातानं माझा हात धरून ठेवला. घरी कुणी येत न्हाय, बोलत न्हाय. परत कवा कराल फोन?"

"उद्या करते," मी म्हणाले.

क्रशरवर पोचले तेव्हा माझी वाट पाहून निम्मे लोक कामावर परतले होते. उरलेल्यांचे कान तपासले. फोन मी दुसऱ्या दिवशी केला आणि पुढेही करत राहिले, काका होते तोवर. हो-नाही उत्तर लागेल असे प्रश्न विचारायचे नाहीत, नुसतं सांगत राहायचं, हे मला जमायला लागलं.

ऑफिसात बॉसनी सगळं ऐकून घेतलं. "शाब्बास! म्हणजे आता ड्रायव्हरची घाई नाही," ते म्हणाले. नवा ड्रायव्हर येईपर्यंत पुढचा पावसाळा उजाडला. ट्रेलरचं चाक बदलताना हुक सोडू नये, हे ज्याला-त्याला सांगावं. आपल्याला चाक बदलता येतं, हे मात्र ऑफिसात सांगू नये.