सगळं धरून सहा दिवस

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी बर दुबईतल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत पॅकेज टूर विकत होते. माझ्या टेबलामागे कॅरिबियन बेटाचं एक पोस्टर तीन वर्षं लटकत होतं. लोक ते डोळे भरून बघायचे आणि मुंबईचं तिकीट काढून निघून जायचे.

त्या पोस्टरबद्दल पहिल्यांदा चौकशी केली ती रास अल खैमाहून आलेल्या एका जोडप्याने. काका तिथल्या सिमेंट कारखान्यात होते. लग्नाला पंचवीस वर्षं होत होती.

"मॅडम, हिला एकदा गाव सोडून दुसरीकडे न्यायचंय," काका म्हणाले.

काकू पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. त्यांनी पोस्टर वरपासून खालपर्यंत तपासलं.

"इथे दिवसभर करायचं काय?"

"आराम," काका म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारत." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू गेलीयेस?"

मी नव्हते गेले आणि तसं सांगितलं. पण पुढच्याच आठवड्यात तिथलं एक रिसॉर्ट आम्हा काही एजंटांना फुकट घेऊन जाणार होतं. आम्ही पाहावं, खूश व्हावं आणि परत येऊन विकावं, अशी ती पद्धत.

"मग बघून ये आणि खरं सांग. तू हो म्हणालीस तर जाईन. नाहीतर आहेच सासर. दरवर्षीसारखी महिनाभर वीस माणसांचा स्वयंपाक करते."

लंडनमार्गे एवढा प्रवास झाला की पोचलो तेव्हा कुठला वार आहे ते कोणालाच सांगता येईना. रिसॉर्टच्या दारातच मनगटावर प्लॅस्टिकची पट्टी बांधली. ही पट्टी असली की खाणं, पिणं, होड्या, सगळं पॅकेजमध्ये धरलेलं. माझ्या खोलीत शारजाच्या एजन्सीतली एक मुलगी होती, मूळची रत्नागिरीची. ती मला आपा म्हणायची.

खोलीत शिरल्याबरोबर आम्ही कामाला लागलो. गादी दाबून पाहिली, उशा मोजल्या, फ्लश ओढला. मग फ्रिज उघडला. आत ज्यूस, सोडा, पाणी ठासून भरलेलं.

"आपा, हात नको लावू," ती ओरडली. "हॉटेलात हा एक डबा पंधरा दिरहॅम, म्हणजे पावणेदोनशे रुपये!"

मी तरी कशाला लावतेय? प्रत्येक गिऱ्हाइकाला निघताना आम्ही तेच बजावायचो: पासपोर्ट सांभाळा आणि फ्रिजला हात लावू नका. फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की सगळं पॅकेजमध्ये आहे. पण असल्या वाक्यांखाली चांदणी टाकून बारीक अक्षरांत अटी छापणं हेच आमचं काम होतं. आम्ही चांदणी शोधली. कार्ड उलटं करून पाहिलं. चांदणी नाही म्हटल्यावर संशय आणखीच वाढला. दोन दिवस आम्ही त्या भरलेल्या फ्रिजशेजारी नळाचं पाणी प्यायलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली. हातात पाना घेऊन मेकॅनिक उभा. खोली साफ करणाऱ्या बाईने तक्रार केली होती की या खोलीतला फ्रिज बंद दिसतो, कारण आतलं काहीच संपत नाही. त्याने फ्रिज तपासला, गार बाटली गालाला लावून पाहिली आणि आमच्याकडे बघून विचारलं, "तुम्हा दोघींची तब्येत ठीक आहे ना?"

तो गेला आणि आम्ही पलंगावर आडव्या पडून हसलो. हसू आवरेना. मग अननसाचे दोन-दोन डबे उभ्या-उभ्या संपवले. त्या दिवशी त्याच कंपनीची बेटावरची आणखी पाच हॉटेलं तपासायची होती. गाडी बाहेर थांबली होती.

"यल्ला आपा, चल," ती म्हणाली.

"कुठे?"

"समुद्रात. हॉटेल तपासायला दुसरे मेले आहेत ना!"

सलवार-कमीज घालूनच आम्ही पाण्यात शिरलो. ओढण्या खुर्चीला बांधल्या. भूक लागली की बाहेर यायचं, मनगट दाखवायचं, ताट घ्यायचं. एका आचाऱ्याचे पणजोबा हिंदुस्थानातून ऊस तोडायला आलेले. त्याने न सांगता चण्याची उसळ आणि डाळीचं सारण भरलेली पोळी पुढे केली. शारजावालीने तिसरी पोळी मागितली आणि कोणी तोंड वाकडं केलं नाही. उरलेले दिवस आम्ही तसेच काढले. तपासणीच्या फॉर्मवर मी एवढंच लिहिलं होतं: उशा चार.

परतल्यावर शुक्रवारी काका-काकू आले. काकांनी प्रश्नांची यादीच आणली होती. डॉक्टर आहे का, मराठी बातम्या लागतात का, सकाळी सहाला चहा मिळतो का.

"माहीत नाही," मी प्रत्येकाला म्हणाले.

काकूंनी यादी बाजूला सारली. "माझ्या प्रश्नाचं सांग."

"काकू, तिथे दिवसभर काहीच करायचं नाही. उठायचं, पाण्यात जायचं, कोणीतरी वाढलेलं खायचं. शाकाहारी मिळतं. कोणी काही मागत नाही, विचारत नाही."

"कपबशी उचलायची?"

"तीही नाही."

"चहा सहाला की सातला, एवढं तरी..." काकांनी पुन्हा सुरुवात केली. काकूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बुक कर," त्या म्हणाल्या. "दोन. माझं आणि माझ्या धाकट्या बहिणीचं."

"आणि मी?" काका म्हणाले.

"तुम्ही आलात तर तिथे कोणीतरी मागणारं, विचारणारं असेल ना!"

मी हसू दाबायला ड्रॉवर उघडला. काकांनी यादीची घडी घालून खिशात ठेवली. रागावले नव्हते, हिशेबात कुठे चुकलं ते शोधत असावेत.

"विमानतळावर सोडायला तरी येऊ का?"

"या की," काकू म्हणाल्या. "दोघींच्या बॅगा कोण उचलणार?"