गुरप्पांच्या अक्षता आणि सगळं करणारा डबा

सोलापुरात भवानी पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी गुरप्पांचं शेंगाचटणीचं दुकान होतं. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क म्हणून निवृत्त झालो, पण गुरप्पा मला जन्मभर मास्तर म्हणत आले. मी शिकवत नाही हो, मी फक्त पगारपत्रकं करतो, असं मी शंभरदा सांगितलं असेल. त्यावर त्यांचं एकच उत्तर असे, "शाळंत पगार घेतो त्यो मास्तरच की." पुढं मी नाद सोडला.

माणूस अंगानं थोराड होता. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची काठी पेलणाऱ्यांत ते तरुणपणापासून होते. पांढरी बाराबंदी घालून, कमरेच्या पट्ट्यात ती घरापेक्षा उंच काठी धरून ते निघाले की गल्लीतली माणसं बाजूला होऊन हात जोडायची. एरवी चटणी विकणारा, सुट्ट्या पैशावरून गिऱ्हाइकाशी हुज्जत घालणारा हा माणूस त्या दिवशी वेगळाच दिसायचा. मला तर त्या दिवशी त्यांच्याशी बोलायचीही भीती वाटे.

दुकानात त्यांचा एक कडक नेम होता. ज्या भांड्याचं जे काम, तेच त्यानं करायचं. शेंगांचा खल वेगळा, कारळाचा वेगळा, लसणाचा वेगळा. घाईच्या वेळी सुंदरम्मांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एकदा शेंगांच्या खलात कारळं कुटली तर गुरप्पांनी ती सगळी चटणी घरी खायला ठेवली, विकली नाही. महिनाभर आम्हा शेजाऱ्यांच्या ताटात कडक भाकरीबरोबर तीच चटणी पडत होती. आम्ही तक्रार केली नाही, चांगली झाली होती.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर गुरप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. घशातून नुसता हुंकार यायचा, आणि तो होकार की नकार हे फक्त सुंदरम्मांना कळायचं. त्या वर्षी भोगीच्या दिवशी मी त्यांच्याकडं गेलो. भोगीला सोलापुरात सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी लग्न लागतं, त्या अक्षतांना अख्खं गाव लोटतं. ज्यांना जाता येत नाही ते घरी केबलवर बघतात. तिकडं संमती, म्हणजे या लग्नाची मंगलाष्टकं, वाचून झाली, "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" असा गजर उठला, की घरातली माणसंही टीव्हीच्या दिशेनं अक्षता टाकतात. बाहेरच्या माणसाला हसू येईल. आम्हाला येत नाही, कारण लग्न आमच्या घरचंच असतं.

त्या वर्षी सुंदरम्मांनी गुरप्पांच्या डाव्या हातावर अक्षता ठेवल्या. गुरप्पांनी त्या परत ताटात ओतल्या. डाव्या हातानं देवाच्या अक्षता टाकायच्या नसतात, आणि उजवा हात तर मांडीवर पडलेला. त्यांनी नुसतं बघितलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायलाही त्यांनी डावा हात उचलला नाही. मी घरी आलो आणि दोन दिवस माझं कशात लक्ष लागलं नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा अमरेश पुण्याला कंप्युटरच्या कंपनीत आहे. पोरगा गुणी आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी त्याच्याशी वाद घालणार आहे. गेल्या उन्हाळ्यात तो घरी आला तो एक काळा, उभा डबा घेऊन. वरच्या तोंडाला मोठी जाळी. तो व्हिडिओ गेम खेळायचा डबा होता. यानं स्वतःसाठी नवा घेतला होता म्हणून हा घरी आणला. मी विचारलं, अरे, तुझे अप्पा आता गेम खेळणार का? त्यावर त्यानं मला तासभर समजावलं. हा नुसता गेमचा डबा नव्हे, हा सगळंच करतो. सिनेमे, गाणी, भजनं, यूट्यूब, वर कॅमेरा लावला तर पुण्याहून समोरासमोर बोलणंसुद्धा. घरात केबलचा डबा वेगळा, डीव्हीडीचा वेगळा, टेपरेकॉर्डर वेगळा, तीन रिमोट आणि वायरींचं जंजाळ कशाला? एकच ठेवायचा.

मला ते पटलं नाही. एकच सून दहा कामं करते तेव्हा आपण तिचं कौतुक करतो, पण ती आजारी पडली की घरात चहासुद्धा मिळत नाही, असं मी म्हणालो. अमरेश हसला आणि म्हणाला, "वेणूकाका, ही सून आजारी पडत न्हाय." सुंदरम्मांनी नव्या वस्तूला लावतात तसं डब्याला हळदकुंकू लावलं. गुरप्पा खाटेवरून बघत होते. त्यांचं मत काय होतं ते मला खलांवरून ठाऊक होतं, पण त्यांना विचारणार कोण आणि ते सांगणार कसे? अमरेशनं केबलवाल्या श्रीशैलला बोलावून त्याचा डबा परत दिला, केबलची जोडणी बंद केली आणि इंटरनेटची वायर थेट नव्या डब्याला लावून घेतली. टेपरेकॉर्डर भंगारात गेला.

सुंदरम्मांना ते हवं होतं असं नाही. मी एकदा हळूच विचारलं तर म्हणाल्या, "पोरगं एवढं हौसंनं आणलंय, न्हाय कसं म्हणू? लई छान हाय म्हणलं." मग त्या छान डब्यावर धूळ बसू नये म्हणून त्यांनी त्यावर सोलापुरी नॅपकिन घातला. अमरेशला ते व्हिडिओ कॉलवर दिसलं. झाकू नको अव्वा, वरून त्याची गरम हवा जाते, जाळी कायम उघडी ठेव, असं त्यानं बजावलं. सुंदरम्मांनी ते देवाची आज्ञा असल्यासारखं पाळलं. जाळी रोज पुसायच्या आणि उघडी ठेवायच्या.

आता खरं तेही सांगायला पाहिजे. त्या डब्यानं गुरप्पांचं भलं केलं. अमरेशनं त्यावर हाताच्या व्यायामाचे व्हिडिओ लावून दिले. टीव्हीवर मोठ्ठा हात दिसायचा, मूठ मिटायचा, उघडायचा, आणि खाटेवर गुरप्पा तसं करू बघायचे. समोर ताटात ज्वारी. दाणे मुठीत घ्यायचे आणि दुसऱ्या ताटात सोडायचे. पावसाळ्यात मूठ मिटायला लागली. मिटलेली मूठ उघडणं त्याहून अवघड. बोटं सुटायला फार वेळ लागायचा आणि गुरप्पांच्या कपाळावर घाम यायचा. कशासाठी चाललंय हे कुणी बोललं नाही, पण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. या भोगीला त्यांना उजव्या हातानं अक्षता टाकायच्या होत्या. डॉक्टरांनी सुंदरम्मांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की हृदयही आता थकलंय, पुढच्या वर्षाचं काही सांगता येत नाही. ते गुरप्पांना सांगितलं नव्हतं. पण ज्या हट्टानं ते ज्वारी उचलायचे, त्यावरून त्यांना कळलं असावं असं मला वाटतं.

भोगीचा दिवस आला. अमरेश येणार होता, पण त्याची रजा ऐन वेळी नामंजूर झाली. त्यानं पुण्यात बसूनच डब्यावर स्थानिक वाहिनीचं थेट प्रक्षेपण कुठं दाबायचं ते आईला शिकवलं होतं. मी गेलो तेव्हा चित्र स्वच्छ दिसत होतं, केबलपेक्षाही स्वच्छ. मी मनातल्या मनात अमरेशची माफी मागितली. गल्ली रिकामी होती, सगळ्या घरांना कुलपं. सुंदरम्मांनी गुरप्पांना पांढरा सदरा घालून उशांना टेकवून बसवलं होतं, टीव्हीच्या अगदी जवळ. ताटात पिवळ्या अक्षता. गुरप्पांनी उजव्या हातानं मूठ भरून घेतली. एक दाणाही सांडला नाही, आणि त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी उगाचच घसा खाकरला.

काठ्या आल्या. पांढऱ्या बाराबंद्यांचा समुद्रच. गुरप्पा हुंकार देऊ लागले, सुंदरम्मा सांगत होत्या, ते बघा, तो कोण, तो तुमच्या हाताखाली शिकलेला संगप्पा. मग संमतीचं वाचन सुरू झालं. ती एकामागून एक वाचतात आणि दर वेळी अक्षता पडतात, हे नशीबच म्हणायचं, कारण पहिल्या गजराला गुरप्पांची मूठ वर आली पण बोटं सुटेनात. सुंदरम्मांनी टाकल्या, मी टाकल्या. "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या, पुढच्याला टाका," सुंदरम्मा म्हणाल्या. गुरप्पांनी हो अशी मान हलवली. एक बोट सुटायला लागलं होतं, मी बघितलं ते.

तेवढ्यात टीव्हीखालून तडतड आवाज आला, गाडीच्या पंख्यात काही अडकल्यासारखा. मग डबा मुका झाला आणि पडदा काळा पडला.

वर्षानुवर्षं आम्ही त्या टीव्हीवर अक्षता टाकत आलो. त्या खाली सांडायच्या, सुंदरम्मा झाडून घ्यायच्या. या वर्षी खाली उघडी जाळी होती. मी चष्मा सावरत वाकलो, जाळीतून पिवळे दाणे आत दिसत होते. प्लग काढला, लावला. दिवा लागला, विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला. माझ्या मोबाइलवर लावू म्हटलं तर गोल गोल फिरत राहिलं. यात्रेत लाखो माणसं आणि सगळ्यांच्या हातात फोन, इथं काय येणार. श्रीशैलला फोन लावला, तो लागला नाही. माझ्या घरी केबल आहे, पण माझं घर गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि गुरप्पांना उचलून नेणं माझ्यासारख्या वाळक्या काडीच्यानं झालं नसतं. मी रस्त्यावर येऊन हाक मारली. कुणी नव्हतं. परत आत आलो आणि नुसता उभा राहिलो. इतका निकामी मी स्वतःला कधी वाटलो नव्हतो.

सुंदरम्मांनी अमरेशला साधा फोन लावला, तो कसाबसा लागला. तो ऑफिसात कोपऱ्यात बसून कंप्युटरवर अक्षताच बघत होता. "हितं दिसायलंय की अव्वा, एकदम क्लिअर," तो म्हणाला. पुण्यात दिसत होतं. देवळाच्या गावातच असलेल्या आम्हाला दिसत नव्हतं. त्यानं सांगितलं ते मी सगळं केलं, बटण दाबून धरलं, वायर बदलली. शेवटी त्यानं विचारलं की आत काही पडलंय का. सुंदरम्मांनी जाळीकडं बघितलं आणि काही पडलं नाही म्हणून सांगितलं. त्याला वाईट वाटेल म्हणून, की स्वतःची लाज वाटली म्हणून, कोण जाणे.

"थांबा, मी आवाज ऐकवतो," अमरेश म्हणाला. त्यानं फोन कंप्युटरला लावला. खरखर आली, मध्येच वाचनाचे तुटके शब्द. सुंदरम्मांनी फोन गुरप्पांच्या कानाशी धरला. त्यांची मूठ अजून वर होती. दुसऱ्या हातानं त्यांनी आधारसुद्धा दिला नाही. आणि त्याच वेळी बाहेर चौकात फटाक्यांची माळ लागली. मागून आणखी एक. लांबून बँड ऐकू आला.

लग्न लागलं होतं. गावात ते लागून गेलं होतं आणि पुण्याहून फिरून येणारा आवाज मागे पडला होता. फटाके संपत आल्यावर फोनमधून गजर उमटला, सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम. "टाका की, आता टाका," सुंदरम्मा घाईनं म्हणाल्या. ज्यानं उभा जन्म काठी धरून ते लग्न लावलं त्याला कोण फसवणार? गुरप्पांनी हात हळूहळू खाली आणला आणि मूठ मांडीवर ठेवली. सुंदरम्मांकडं बघून त्यांनी एकदाच मान हलवली, नाही अशी.

फोनमध्ये अमरेश विचारत होता, "अव्वा, अप्पांनी टाकल्या का? उजव्या हातानं?"

सुंदरम्मांनी मुठीकडं बघितलं. मग म्हणाल्या, "टाकल्या की. सोताच्या हातानं टाकल्या."

 पलीकडं पोरगं नाक ओढत बोलायला लागलं. "डबा आणला ते बरं झालं बघ अव्वा. वर्षभराचं चीज झालं. वेणूकाका, तुमी बगितलं न्हवं?"

सुंदरम्मांनी फोन माझ्यापुढं धरला. गुरप्पा माझ्याकडं बघत होते. मी खरं सांगावं असं त्यांना वाटत होतं, हे कळायला मला सुंदरम्मांची गरज नव्हती. घशातून त्यांनी हुंकार काढायला सुरुवात केली, मोठा, आणखी मोठा, आणि पुण्याला तो आनंदाचा वाटला असणार, कारण अमरेश रडत रडत हसायला लागला.

"बगितलं रे," मी म्हणालो. "सगळ्या टाकल्या त्यांनी."

गुरप्पा गप्प झाले. सुंदरम्मा फोन ठेवून खाटेपाशी बसल्या आणि "साकु री, साकु," म्हणजे पुरे हो आता, असं म्हणत त्यांची बोटं सोडवायला लागल्या. मीही बसलो, एक एक बोट धरून बघितलं. पण ती मूठ गुरप्पा आम्हा दोघांनाही उघडू देईनात.