खलीलने कुलूप लावलं नव्हतं

खलील गेल्याची बातमी मला आमच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर कळली. कुणीतरी कुठून तरी आलेला संदेश पुढे ढकलला होता. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग, आणि त्या रांगेच्या मधोमध कुणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, केकसकट. ज्यांनी हात जोडले त्यांच्यातल्या बहुतेकांनी कॉलेज सुटल्यावर खलीलला फोन केला तो फक्त आपला लॅपटॉप हळू चालायला लागला म्हणून. मी तेव्हा हिमायतनगरला, मोठ्या बहिणीकडे होतो. मोबाइल पालथा ठेवला. अक्काने विचारलं, "काय झालं रे, किशन?" म्हणालो, "खलील गेला." "कोन? तो तोंडाळ?" "हाव, तोच." अक्काने त्याला आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, तरी तिने त्याची ओळख नेमकी ठेवली होती. लातूरच्या ज्या संस्थेत त्याने नोकरी केली, तिने काढलेल्या पत्रकात मात्र 'मितभाषी व विनम्र' असं छापलं. ज्याने ते लिहिलं त्याने खलीलच्या शेजारी बसून एक कप चहाही घेतला नसणार.

माझं गाव इस्लापूरच्या पुढे, जंगलाच्या कडेला. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. हे मी सांगताना लाजत नाही, मिरवतो. खलीलचंही तेच. त्याचे अब्बा नांदेडला जुन्या गावात पुस्तकांच्या बांधणीचं काम करायचे. हजारो पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली, पण वाचायला बसणारा घरात खलील पहिलाच. आमची भेट झाली कॉम्प्युटर लॅबच्या दाराबाहेर, चपलांच्या ढिगापाशी. तेव्हा लॅबमध्ये जाताना चपला काढाव्या लागत. आत थंडगार हवा, यंत्रांवर शिवून घेतलेली कापडी झाकणं, आणि सर सांगायचे, "हात लावू नका, नीट बघा फक्त." चार-पाच जणांत एक यंत्र, आणि त्यावर सर स्वतःच काहीतरी करून दाखवणार. पहिल्याच तासाला खलील मोठ्याने म्हणाला, "मशिदीत चपला काढून नमाज तरी पढू देतात सर. इथं काढून करायचं काय?" सगळे हसले. सरांनी त्याला बाहेर काढलं, आणि मला पण, कारण माझं हसू थांबत नव्हतं. आमची मैत्री त्या व्हरांड्यात सुरू झाली.

पुढे त्याने भंगारातून कॉम्प्युटरचा एक जुना कॅबिनेट उचलला आणि अब्बांच्या दुकानात, खळीच्या डब्यांच्या आणि पुठ्ठ्यांच्या मधे मांडला. त्या एका यंत्रात त्याला विंडोज पाहिजे होतं, आणि लिनक्स ही फुकटात मिळणारी दुसरी सिस्टीमही, तीही एक नाही, दोन तऱ्हांची. डिस्कचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात एक वेगळी सिस्टीम बसवायची. यंत्र सुरू केलं की ते विचारतं, कुठं जायचं? मला तो सरळ मूर्खपणा वाटायचा आणि मी तसं बोलायचो. "अबे, एक तरी धड चालव. तीन-तीन बायका केल्यावानी करून राहिला." तो म्हणायचा, "तू गप बैस. तुला बस मिळाली की बसायचं एवढंच कळतं, गाडी कशी चालते ते बघायची अक्कल न्हाई तुला." एकदा भाग पाडताना त्याची रेघ चुकली आणि त्याचा स्वतःचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट साफ पुसला गेला. सबमिशन तोंडावर. मी डोक्याला हात लावून बसलो… हा पठ्ठ्या टाळी वाजवून म्हणतो, "समजलं! आत्ता समजलं, कुठून कुठं जातंय ते." असल्या माणसाला नम्र म्हणायचं?

लातूरला मुलींच्या कॉलेजात लॅब शिकवायची नोकरी लागल्यावर त्याने तिथल्या सगळ्या यंत्रांवर हाच उद्योग केला, पण आता त्यात एक रीत होती. प्रत्येक यंत्रावर तीन सिस्टीम. सुरू केलं की यादी यायची, इंग्रजी अक्षरांत पण मराठीत लिहिलेली: ऑफिस, अभ्यास, मोडा. 'ऑफिस'मध्ये विंडोज, परीक्षेचे फॉर्म वगैरे भरायला. 'अभ्यास'मध्ये पोरींचं काम. आणि 'मोडा' ही तिसरी सिस्टीम त्याने निव्वळ बिघडवण्यासाठी ठेवली होती. फायली उडवा, नको ते टाका, तिचा पार सत्यानाश करा. संध्याकाळी हा ती पुन्हा कोरी करून ठेवायचा. औशाकडून एसटीने येणारी एक पोर यंत्राला हातच लावेना. "सर, बिघडलं तं बाबा भरून कुठून देतील?" खलील म्हणाला, "बिघडव. आज काहीतरी बिघडवल्याबिगर घरी जायचं न्हाई." मी तेव्हा त्याला भेटायला गेलो होतो, तिथेच होतो. ती पोर आधी रडकुंडीला आली, मग तिने काहीतरी दाबलं, पडदा वेडावाकडा झाला, आणि तिने तोंडावर ओढणी धरून हसायला सुरुवात केली. आम्ही ज्या लॅबमध्ये शिकलो तिथल्या सरांना, त्यांच्या कापडी झाकणांना आणि दारातल्या चपलांना याहून सणसणीत उत्तर मी पाहिलेलं नाही. मूर्खपणा हा शब्द मी त्यानंतर वापरला नाही. म्हणजे त्याच्यासमोर तरी नाही… त्याला चढली असती.

तो गेला घरातच, सकाळी, हृदयविकाराने. त्याच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी व्हायचा होता तेव्हा रेहाना भाभींचा, त्याच्या बायकोचा फोन आला. "किशनभाई, कॉलेजातून सारखे फोन यायलेत. म्हणतात, यांनी जाता जाता सगळ्या कॉम्प्युटरला लॉक मारून ठेवलं. पासवर्ड मागायलेत. काल प्राचार्य साहेबांनी पोरीची जन्मतारीख विचारली. तिच्या नावाचं स्पेलिंग विचारलं… मी सांगितलं बी. लोक काय म्हणतील हो? यांनी असं केलं असंल का?" शेवटचा प्रश्न त्यांनी अगदी खाली आवाजात विचारला. इद्दतीत, शोकाच्या दिवसांत घरात बसलेल्या बाईला फोन करून मेलेल्या नवऱ्याच्या पासवर्डसाठी लेकीचं स्पेलिंग विचारणारे हे लोक डॉक्टरेट मिळवलेले आहेत, हे इथे नोंदवून ठेवतो. मी भाभींना म्हणालो, "लॅब बघितल्याबिगर बोलत न्हाई. पण मी जातो."

संस्थेची शोकसभा त्याच आठवड्यात होती. नांदेडच्या ज्या कारखान्यात मी कॉम्प्युटरचं बघतो तिथून सुट्टी काढली आणि लातूर गाठलं. स्टेजवर खलीलचा फोटो, हार, उदबत्ती. प्राचार्य बोलले. एका यंत्रावर जशा अनेक सिस्टीम गुण्यागोविंदाने नांदतात, तसा आपला समाज, आणि खलील सर त्याचं प्रतीक, वगैरे. टाळ्या पडल्या. शोकसभेत! ही उपमा खलीलने जिवंतपणी ऐकली होती, याच माणसाकडून, एका स्नेहसंमेलनात, आणि तिथल्या तिथे उठून सांगितलं होतं, "सर, त्या नांदत न्हाईत. एक चालू असते तेव्हा बाकीच्या बंद पडून असतात. भाषणाच्या आधी मला विचारत जावा." मितभाषी! सभा संपली तशी व्हरांड्यात कुजबुज सुरू झाली. "चांगला होता हो, पण शेवटी खुन्नस काढलीच." हार घालून आलेले हातच ते, फुलांचा वास गेला नव्हता.

मी म्हणालो, लॅब दाखवा. सगळी यंत्रं काळी. वर दोन ओळी इंग्रजी आणि एक लुकलुकणारी खूण. त्यांना वाटलं, ती पासवर्ड मागतेय. तिच्यापुढे त्यांनी खलीलच्या लेकीचं नाव नाना तऱ्हांनी टाइप करून पाहिलं होतं. मी विचारलं, "सर गेल्यावर या मशिनींना कुणी हात लावला?" सगळ्यांनी एका तरुणाकडे पाहिलं. संस्थेच्या सचिवांचा पुतण्या, लॅबच्या देखभालीचं कंत्राट आता त्याच्याकडे. तो म्हणाला, "मी फक्त जागा मोकळी केली. विंडोजमध्ये दिसत होतं, बिननावाचे भाग पडलेत, आत काहीच न्हाई. म्हणून काढून टाकले."

"सगळ्या मशिनींवर?"

"हौ. त्या दिवशी चाललं की सगळं व्यवस्थित. दुसऱ्या दिवशी सुरूच होईनात."

विंडोजला लिनक्सचा भाग वाचता येत नाही, म्हणून तो रिकामा दिसतो. त्या 'रिकाम्या' भागांत पोरींचा अभ्यास होता, आणि यंत्राला कुठं जायचं ते सांगणारी यादीही तिथेच राहत होती. याने चाव्यांची खोली पाडली आणि मग कुलूप मेलेल्या माणसाच्या नावावर टाकलं. मी पेनड्राइव्ह लावला, दुरुस्तीची एक ओळ टाइप केली, यंत्र पुन्हा सुरू केलं. विंडोज आलं. पुतण्या म्हणाला, "म्हणजे लॉक नव्हतंच?" प्राचार्य घाईने म्हणाले, "चला, छान झालं. विषय संपला."

"संपला न्हाई," मी म्हणालो. भाभींना फोन लावला, आवाज मोठा केला आणि मोबाइल प्राचार्यांच्या पुढ्यात धरला. "सांगा." ते घसा खाकरून म्हणाले, "मॅडम… ते लॉक वगैरे काही नव्हतं. तांत्रिक अडचण होती." मी मोबाइल तसाच धरून राहिलो. "म्हणजे… आमच्याकडूनच झालं ते. खलील सरांनी काही केलेलं नव्हतं." भाभी म्हणाल्या, "मी उगीच भ्याले, साहेब. ते चिडले असते तं लॉक कशाला मारतील? तोंडावर बोलले असते तुमच्या." लॅबमधला एक शिपाई खुदकन हसला आणि पटकन खिडकीबाहेर बघायला लागला.

बाकीची यंत्रंही मी त्याच दिवशी सुरू करून दिली, त्यांना हवी तेवढीच, म्हणजे एका विंडोजवर. पोरींचं काम परत मिळण्यासारखं राहिलं नव्हतं, पुतण्याने मोकळ्या जागेवर भरपूर काय काय भरून ठेवलं होतं. यंत्र सुरू होताना येणाऱ्या अशा याद्यांना सहसा मुदत असते. काही सेकंद वाट बघतात आणि तुम्ही काही दाबलं नाही तर आपल्या मनाने पुढे जातात. खलीलने ती मुदत काढून टाकली होती. पोरीने काही निवडेपर्यंत यंत्र थांबून राहायचं, तास निघून गेला तरी. त्याच्यासारख्या उतावळ्या माणसाने एवढी एकच गोष्ट सबुरीने केली होती. आता त्या लॅबमधली यंत्रं कुणालाच काही विचारत नाहीत. परवा प्राचार्यांचा फोन आला होता, खूश होते. म्हणाले, "पूर्वीपेक्षा लवकर सुरू होतात हो."