दोघांचा राजीनामा

जबलपुरात वाढलेल्या मराठी माणसाचं हिंदी कितीही फर्डं असलं, तरी दोन ठिकाणी ते दगा देतं: आकड्यांत आणि घाबरल्यावर. मी दोन्ही ठिकाणी एकाच आठवड्यात आपटले, आणि त्यातूनच माझं माझ्या हाताखालच्या माणसांशी जमलं. ‘हाताखालची’ हा शब्द मी आता वापरत नाही. तेव्हा सर्रास वापरायचे.

गोहलपुरातल्या एका सलवार-सूटच्या कारखान्यात मला नुकतंच इन्चार्ज म्हणून घेतलं होतं. खाली कापायची खोली, वर शिवायची. मला सोडून अकरा माणसं. सगळ्यांत जुने म्हणजे कटिंगचे मास्टरजी. पांढरी दाढी, कानावर खडू, गळ्यात टेप. सायकलवरून घरी जातानाही तो टेप गळ्यातच असायचा. माझी जागा आधी त्यांनाच देऊ केली होती, पण लिखापढीचं, कागदपत्रांचं काम नको म्हणून त्यांनी नाही म्हटलं होतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी आपली समजून चालले होते की म्हातारा माझ्यावर डूख धरून बसलाय.

त्यात माझा राग नाकाच्या शेंड्यावर. पहिल्याच आठवड्यात त्यांनी नक्षी छापलेल्या कापडावर हात फिरवत विचारलं, “मैडमजी, ये छापा उल्टा तो नहीं बिछ रहा?”

“मास्टरजी, जितना बोला है उतना कीजिए,” मी म्हटलं.

“अच्छा,” ते म्हणाले.

छापा उलटाच होता, हे मला नंतर कळलं. वेळेवर दुसऱ्याच कोणी तरी सरळ करून घेतला. पण त्या दिवसापासून सगळा कारखाना माझ्याशी त्या एकाच शब्दात बोलायला लागला. काहीही सांगा, “अच्छा”. मला वाटलं, वा, काय शिस्त लावली आपण! घरी येऊन नवऱ्याला फुशारकीनं सांगितलंसुद्धा.

मग कुंडमच्या एका व्यापाऱ्याचे दीडशे कुर्ते आले. सगळे एका मापाचे, लांबी एकेचाळीस इंच. कागद माझ्या टेबलावर, फोन माझ्या कानाला. मास्टरजींनी खालून लांबी विचारली आणि मी जिन्यातूनच ओरडले, “उनतालीस!”

माझे पाढे वडिलांनी घेतलेले, मराठीत. शाळा हिंदीतली. त्यामुळे मराठीतले एकोणचाळीस आणि एकेचाळीस, हिंदीतले उनतालीस आणि इकतालीस, हे चौघं माझ्या डोक्यात एकाच बाकावर बसतात, आणि एकाला हाक मारली की दुसराच ओ देतो. एकेचाळीसला हाक मारली आणि उनतालीस, म्हणजे एकोणचाळीस, उठून उभा राहिला. मास्टरजींनी मान वर करून क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी फोनवर बोलत होते.

“अच्छा,” ते म्हणाले, आणि त्यांनी कापड अंथरायला घेतलं.

दुपारपर्यंत दीडशेच्या दीडशे कापून झाले. पहिला कुर्ता शिवून खाली आला तेव्हा कारखान्याचे मालक, शेठजी, तिथेच होते. त्यांनी सहज टेप लावला. दोन इंच कमी.

“किसने काटा?”

“मैंने,” मास्टरजी म्हणाले.

एवढंच. मॅडमनं सांगितलं होतं, हे नाही. शेठजी सगळ्यांसमोर त्यांना नाही नाही ते बोलले, आणि शेवटी म्हणाले, “नज़र कमज़ोर हो गई है आपकी. मैं कल से दूसरा आदमी देखता हूँ.” मी तीन हातांवर उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं, “उनतालीस मी सांगितलं.” नवी नोकरी, नवा मान, दीडशे कुर्ते. मी गप्प राहिले. मला त्याची लाज वाटली, अजूनही वाटते.

मास्टरजींनी गळ्यातला टेप काढला, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला आणि ते सायकल घेऊन निघून गेले.

मदन महल भागातल्या घरी पोचले आणि भेंड्या चिरायला घेतल्या. नवरा नागपूरकडचा, रेल्वेत; त्याची त्या दिवशी सुट्टी होती. थोडा वेळ बघून म्हणाला, “भेंडी काहून मार खाऊन राहिली? तिनं काय केलं?”

मी सगळं सांगितलं.

“अन् तू चूप राहिली?”

“हो.”

“काहून?”

खाई त्याला खवखवे, तसं माझं झालं होतं.

“मंग सकाळी सगळ्यांसमोर बोलून टाक,” तो म्हणाला. “बोलणी त्यांनी सगळ्यांसमोरच खाल्ली ना? नोकरी गेली तं गेली, दुसरी भेटन तुले.”

सकाळी मी लवकर गेले आणि शेठजींच्या नावानं हिंदीत अर्ज लिहिला. मास्टरजी आपली कात्री न्यायला आले होते. मी सगळ्यांना खाली बोलावलं. म्हटलं, “उनतालीस मैंने बोला था. मास्टरजी ने वही काटा. और कल मैं चुप रही, वो उससे भी बड़ी गलती है. इसलिए मैं राजीनामा दे रही हूँ.”

शिलाईवाल्या एका दीदीनं हळूच विचारलं, “किसके साथ?”

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे राजीनामा म्हणजे नोकरी सोडण्याचा कागद. पण या लोकांच्या हिंदीत, कचेरीची पायरी चढलेल्या कोणालाही विचारा, राजीनामा म्हणजे भांडणाऱ्या दोन बाजूंनी राजीखुशीनं केलेली तडजोड. नोकरी सोडायला तिथे इस्तीफा लागतो. तो शब्द मला येत नव्हता असं नाही. पण माणूस घाबरतो तो आईच्याच भाषेत.

मास्टरजींनी कागद हातात घेतला, चष्मा लावला. वर ठळक अक्षरांत ‘राजीनामा’, खाली माझी कबुली, त्याखाली माझी सही. त्यांनी दोनदा वाचलं.

“मैडमजी,” ते म्हणाले, “राजीनामा तो दो जनों का होता है. अकेले कैसे कर लोगी?”

त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं. लिखापढीचा कंटाळा असलेला तो माणूस कटिंगच्या टेबलावर वाकला आणि एकेक अक्षर कोरत त्यानं लिहिलं: ‘मुझे उसी वक़्त खटका था. पूछा नहीं. आधी गलती मेरी.’ हिंदीतलं आधी, म्हणजे अर्धी. खाली सही.

का विचारलं नाही, ते त्यांनी लिहिलं नाही. मला माहीत होतं. विचारणाऱ्याचं तोंड मीच बंद केलं होतं.

मग कोणी तरी म्हणालं, राजीनाम्याला गवाह लागतात. दहाच्या दहा जणांनी सह्या ठोकल्या. काज-बटणाच्या कामाला एक ताई होत्या, विदर्भातून आलेल्या घरातल्या. त्या सही करताना पदरात तोंड खुपसून हसत होत्या. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही तं नोकरी सोडून राहिल्या होत्या ना?”

“हो.”

“मंग आता कोणाले सांगू नका.”

शेठजी आले. त्यांनी कागद वाचला: दोन पक्ष, दहा साक्षीदार. माझ्याकडे चांगलंच डोळे वटारून पाहिलं, मग कपाळावरचा घाम पुसला. “चलो, आपस में निपट गया, अच्छा हुआ. दूसरा आदमी नहीं देखना. पर इन कुर्तों का क्या?”

मास्टरजींनी खिळ्यावरचा टेप काढून गळ्यात घातला. “नीचे सलवार के कपड़े की दो इंच पट्टी लगा देंगे,” ते म्हणाले. व्यापाऱ्यानं कुरकुर करत का होईना, सगळे कुर्ते घेतले.

त्यानंतर ‘अच्छा’ बंद झाला आणि माझे खरे हाल सुरू झाले. मी काहीही माप सांगितलं की खालून हाक यायची, “मैडमजी, मराठी वाला या हिंदी वाला?” सगळा कारखाना हसायचा. चिडायची सोय राहिली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडायचं. छापा उलटा असला तर आता चार जण एकदम ओरडतात.

पुढे बऱ्याच महिन्यांनी एका दुपारी डबा खाताना मी मास्टरजींपुढे झुणका सरकवला. त्यांनी घास घेतला आणि अगदी स्वच्छ नागपुरी मराठीत म्हणाले, “मीठ कमी पडलं याच्यात.”

माझा हात डब्यातच राहिला. तेव्हा कळलं की तरुणपणी सात वर्षं ते नागपुरात शिंप्याच्या दुकानात होते.

“म्हणजे त्या दिवशी माझा राजीनामा तुम्हाला समजला होता?”

“समजला होता ना,” मास्टरजी म्हणाले, आणि त्यांनी झुणक्याचा डबा स्वतःकडे ओढला. “नामंजूर करून टाकला.”